तुझ्या भीतीचासुद्धा हेवा

प्रिय बिरान,

बाजरीखाऊ माणसा, हे पत्र हातात पडल्यावर तू आधी हसशील. रोज फोनवर तोंड वाजवणारा हा तांदूळखाऊ आज कागद घेऊन कशाला बसलाय, म्हणशील. कारण सोपं आहे. फोन केला की तुझ्याशेजारी माझी आई बसलेली असते, मी पळाल्यापासून तूच तिला सांभाळतोस ना, आणि तू आवाज मोठा करून ठेवतोस. तिच्या कानावर जाऊ नये असं मला बोलायचंय. शेजारचा उसमान पुढच्या आठवड्यात घरी निघालाय, त्याच्या बॅगेत हे टाकतोय. एकटा असताना वाच.

इथे गोथेनबर्गला दुपार कलली की अंधार पडतो. मी दिवे लावून ट्राम चालवतो आणि मागे सगळे असे मुकाट बसतात, जणू कुणाच्या तरी मयताला निघालेत. आपल्या निवडणुकीचा निकाल कळला त्या दिवशी मी डेपोत ट्राम लावली, फोन उघडला आणि तुझी आरोळी ऐकली, “अरे अंसू, पडला रे पडला! बावीस वर्षं बसलेला पडला! बुडालं तुम्हा तांदूळखाऊंचं राज्य!” तो राष्ट्राध्यक्ष आमच्या भात खाणाऱ्या जोला जमातीचाच, म्हणून हा टोमणा. दुसऱ्या कुणी मारला असता तर मी फोन आपटला असता. पण तुझ्यासारख्या सेरेर जमातीच्या माणसाने जोलाची हवी तशी टर उडवावी आणि जोलाने सेरेरची, त्यात रागवायचं नाही, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. मी हसलो. मग तू फोन खिडकीबाहेर धरलास. अख्खं सेरेकुंडा शहर रस्त्यावर उतरलं होतं. भांडी वाजत होती, हॉर्न वाजत होते आणि त्या गोंधळातही आईचा आवाज मला ओळखू आला. ती गात होती. बिरान, आईला गाताना मी शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवेना. मी डेपोतल्या बाकावर बसलो आणि रडलो. आनंदाने रडलो असं तुला तेव्हा सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं आज सांगतो. माझा जळफळाट झाला. रेडिओवर त्याच्याविरुद्ध बोललो मी. स्टेशनाला कुलूप लागलं, पोलीस घरी आले, आणि नेसत्या कपड्यांनिशी पळालो तोही मीच. इथे येऊनसुद्धा थंडीत कुडकुडत वकिलातीसमोर फलक धरले, घसा फोडून ओरडलो. आणि तू? तू फ्रीज दुरुस्त करत राहिलास. फोनवर मी राजकारणाचा र काढला की म्हणायचास, “अंसू, पाऊसपाण्याचं बोल, भिंतींना कान आहेत.” मी तुला मनातल्या मनात भित्रा म्हणायचो. आणि शेवटी त्याला पाडलं कुणी? तू. सकाळी उठलास, रांगेत उभा राहिलास, पडद्यामागे जाऊन विरोधकाच्या पिंपात गोटी टाकलीस, आपल्याकडे मतपत्रिकेऐवजी असते ती. “आत घंटी वाजली, टण्ण, बस, इतकंच,” असं तू सांगितलंस, सायकलचं पंक्चर काढून आल्यासारखं. इतकंच म्हणे! त्या एका टण्णसाठी मी काय काय दिलं असतं, तुला कल्पना नाही. बाहेरच्यांना गोटी मिळत नाही. आम्हाला फक्त मतं असतात.

मग हार कबूल केलेला तो शब्द फिरवून पुन्हा गादीला चिकटला. ते आठवडे मी बातम्या बघत जागून काढले आणि तू, लढाई पेटेल म्हणून, आईला घेऊन सरहद्दीपलीकडे माझ्या मामाच्या गावी गेलास. गाडीवाल्याने अर्ध्या वाटेत उतरवलं, तिचे गुडघे चालेनात, तर तू तिला पाठुंगळी घेतलंस. हे तू कधी सांगितलं नाहीस, मामाने सांगितलं. आई तुझ्या कानात सबंध वाट म्हणत होती, “पोरा, मला टाक आणि तू पळ.” आणि तू म्हणत होतास, “गप बस गं म्हातारे, एवढा भात खाऊन जड झालीस, आता उतरवली तर परत उचलायची कुणी?” मामा हसत सांगत होता आणि मी ऊबदार खोलीत, जाड मोजे घालून ऐकत होतो. तुला त्या वाटेवर भीती वाटली असेल. मला त्या भीतीचासुद्धा हेवा वाटला. ती माझी होती रे. ती वाट, ते ओझं, सगळं माझ्या वाट्याचं होतं.

आता तो विमानात बसून देश सोडून गेला, तुम्ही घरी परतलात, आणि सगळे मला एकच विचारतात. आमच्या डेपोतली गुनिल्ला, भली बाई, कॉफी ओतताना म्हणाली, “तुमच्याकडे छान झालं ना? मग आता तू परत जाणार असशील.” मी म्हटलं, “हो, बघू.” तो होता तोवर बरं होतं बघ. का जात नाहीस, असं कुणी विचारत नव्हतं. मलाही स्वतःला विचारावं लागत नव्हतं. आता विचारावं लागतं. तिथे जाऊन मी बसायचं कुठे? जेवायला परात मध्ये ठेवली की आई मासा मोडून पहिला तुकडा तुझ्यापुढे सरकवते. तिचा डॉक्टर तुला माहीत, तिच्या गोळ्या तुला पाठ. पैसे माझे जातात, पण हाक तुला जाते.

आणि त्यात परवा तू ती गोड बातमी दिलीस. तुझ्या जाबूला दिवस गेलेत, आणि मुलगा झाला तर त्याचं नाव अंसुमाना ठेवायचं तुम्ही ठरवलंय. आई मागून ओरडली, “माझ्या घरात पुन्हा अंसुमाना येणार!” आणि तू वर ऐटीत म्हणालास, “सेरेरने मागितलेलं जोलाला नाकारता येत नाही, तेव्हा मुकाट्याने हो म्हण.” मी हो म्हटलं, दोघांचं अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

बिरान, तो नियम दोन्हीकडून चालतो ना? मग आता जोला मागतोय आणि सेरेरला नाकारता येणार नाही. त्याला माझं नाव देऊ नकोस. तुझ्या वडिलांचं दे, जाबूच्या भावाचं दे, पण माझं नको. अजून जन्मालाही न आलेल्या पोरावर मी जळतोय, हे लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहितोय. आज आई अंगणात उभी राहून अंसुमाना म्हणाली तर कुणी ओ देत नाही, आणि मग तिला आठवतं की तो दूर आहे. उद्या तिने हाक मारली आणि एक पोरगं धावत आलं, तर तिला माझी आठवण कशाने होईल? मी येईन की नाही, मला खरंच माहीत नाही. पण मी येईपर्यंत त्या हाकेला कुणी ओ देता कामा नये.

आधी आईचा, मग तुझाच,
अंसुमाना