नादाराची साक्ष

सोमवार, ६ जाने. १९५८. शेलूबाजार.
काशिनाथदादा शिंपी मुलाकडे नागपूरला चालले, कायमचे. घर विकायला काढलंय. तीन खोल्या, मागं विहीर. शाळा सुटल्यावर यांना घेऊन पाहून आले. हे प्रत्येक खोलीत टाळी वाजवून बघत होते. "मास्तरीणबाई, इथं तू पाढे म्हटले तं मंगरुळच्या पोरींचेही पाठ होतीन." किंमत दीड हजार. पोस्टात माझे पाचशे. बाकीच्यासाठी तेच घर गहाण टाकायचं. पण आम्हाला देतो कोण? दीड वर्षापूर्वी यांचं कापडदुकान बुडालं, कोर्टानं नादार ठरवलं. रात्रभर मनात मात्र चूल मांडत होते. पूर्वेच्या खोलीत.

बुधवार, ८.
रजा टाकून वाशीम, बँकेत. हे म्हणत, "तू एकटीच जाय. मले पाह्यलं तं देत असतीन तेही देणार नाहीत." ओढूनच नेलं. मॅनेजर भला माणूस. नादाराच्या नावावर कर्ज नाही. माझ्या एकटीच्या नावावर होईल. पगाराचा दाखला आणि एक जामीन. यांच्याकडे बघायचा धीर होईना. तर हेच म्हणाले, "लिहा साहेब तिच्या नावानं. मी राहीन भाडेकरू." सगळे हसले.
परतताना एस.टी.त मी यांचा हात धरला. लोक बघत होते. बघू देत.

शनिवार, ११.
जामीन मिळेना. भाऊजी म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. शाळेतल्या मोठ्या बाईंच्या घरून नकार. शेवटी यांनीच नाव काढलं, शांतिलालशेठ. यांच्या दिवाळ्यात सगळ्यात जास्त पैसे बुडाले ते याच शेठचे!
"कोणत्या तोंडानं जाता?"
"याच. दुसरं कुठून आणू?"

मंगळवार, १४. संक्रांत.
हे तिळगूळ घेऊन शेठकडे, एकटेच. घरात हळदीकुंकवाच्या बायका, माझं ध्यान रस्त्यावर. एकीला दोनदा कुंकू लावलं. तेवढ्यात शेठ स्वतःच यांच्यासंगं दारात! उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, सही देतो. पण याच्या भरोशावर नाही, तुमच्या."
मग जरा हळू, "दुकान बुडालं म्हंजे लोक मागच्या दारानं गठ्ठे काढतेत. मी तीन दिवस समोर बसून पाह्यलं. यानं एक रुमाल हालवला नाही."
हे म्हणतात, "तुमी समोरच बसले, मंग काढू कसा?"
शेठ असे हसले की तिळगूळ घशात. पाणी द्यावं लागलं. बायका पदराआड खुसुखुसु. मी आत जाऊन रडून घेतलं, थोडंसंच.

सोमवार, २०.
बँकेत कागद. माझ्या सह्या तीन ठिकाणी, शेठची एक. साक्षीदार दोन लागतात; एक बँकेचा शिपाई झाला, दुसरा आम्ही आणलाच नव्हता. कारकुनानं यांच्याकडे पाहिलं नि खाली पाहिलं.
हेच म्हणाले, "नादाराची साक्ष चालते का?"
मॅनेजर चष्मा पुसत, "कर्ज नाही म्हटलं हो. खरं बोलायला कोणी मना केलंय?"
यांनी टाक घेतला. कोर्टानंतरची पहिली सही. एवढी लफ्फेदार की शेवटचं अक्षर शेठच्या नावावर चढलं. शेठ म्हणाले, "पुन्हा माझ्याच डोक्यावर!"
बाहेर मिरचीभजी खाल्ली, तिघांनी. पैसे कोणी द्यायचे यावर भांडण. शेठ जिंकले.

रविवार, २६.
सकाळी शाळेत झेंडा. दुपारी, सुट्टी असूनही, बँकेचा माणूस घर पाहून गेला. भिंती ठोकल्या, कौलं मोजली, चहा घेतला. "कळवतो" म्हणाला, बस्स. काशिनाथदादा बुधवारी निघणार. तोवर मंजुरी आली नाही तर? दादा म्हणतात, दुसरं गिऱ्हाईक आहे, पण थांबतो. किती थांबतील?
आणि हे! पुढच्या खोलीत उभं राहून म्हणतात, "इथं एक फळी ठोकू का? चार थान ठेवीन म्हणतो. रोखीनंच विकीन."
पुन्हा दुकान? पण दीड वर्षात कापडाचं नाव काढलं नव्हतं यांनी. बोटानं भिंतीवर लांबी मोजत होते, शीळ घालत.
हो म्हटलं नाही. "नाही"ही तोंडातून निघेना. उद्याचं टपाल अकराला.