वहीत नसलेली महोगनी

ला पालोतादा, पेतेन
३ मार्च २००९

चि. अन्सेल्मो,
अ. उ. आ.

तुझी कॉफी पोचली. पाकीट हलकं लागलं. ट्रकवाल्याने वाटेत चाखली असणार.

आता काळजीचं. एकवीस तारखेला तपासनीस बाई येतायत. गाव जंगल नीट राखतं की नाही ते बघून आपल्या लाकडावरचा शिक्का चालू ठेवायचा का, ते ठरवणार. प्रत्येक खुंटाचा नंबर माझ्या वहीशी ताडून बघतात. आणि ओढ्यापलीकडच्या एका खुंटाला नंबरच नाही. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा तू निरोप धाडलास, तिला महोगनीच्याच शवपेटीत ठेवा. एव्हारिस्तोमामांनी त्याच दुपारी झाड पाडलं. वही माझ्यापाशी होती, मी उघडली नाही.

मामा म्हणतात, पाचोळा टाकून झाकू, शहरातल्या बाईला काय कळतंय. पण शिक्का गेला तर गावाचं लाकूड घेणार कोण? काय करू?

तुझी,
ब्रीहिदाताई

फ्लोरेस
११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निरोप माझा होता, तेव्हा दोष अर्धा माझा. आमचे मालक बिनशिक्क्याची फळी कारखान्यात घेत नाहीत, हे मला रोज दिसतं. तरी सांगतो, झाकू नकोस. आई असती तर तिनेच पाचोळा झाडून काढला असता आणि तीच केरसुणी मामांच्या पाठीत घातली असती. तूच बाईंना दाखव.

मामांना माझा नमस्कार, जपून सांग.

तुझा,
अन्सेल्मो

ला पालोतादा
२४ मार्च

चि. अन्सेल्मो,
अ. उ. आ.

मीच नेलं बाईंना. मामा मागून कुरकुरत होते, घरच्या पोरीनेच गाव बुडवलं म्हणून. बाईंनी विचारलं, कोणी गेलं की दर वेळी असंच करता का? मी हो म्हटलं. विकायचं तेवढंच लाकूड आम्ही आजवर मोजलं. पेट्यांचं मोजायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी दोष लिहिला, पण सुधारायला वर्ष दिलं. सभेत ठरलं, दरसाल एक झाड जाणाऱ्या माणसासाठी वहीत लिहून राखायचं. मामा लगेच म्हणाले, दोनशे बारा नंबरचं झाड लिहा, माझ्या मापाचं आहे.

माया आहे तशीच राहू दे.
ताई

ला पालोतादा
१९ मार्च २०१०

चि. अन्सेल्मो,
अ. उ. आ.

बाई येऊन गेल्या. शिक्का राहिला! आईच्या खुंटाभोवती लावलेली सातही रोपं जगलीत, बाईंनी स्वतः मोजली.

यंदा गावात कोणी गेलं नाही. दोनशे बारा उभं आहे. मामा रोज जाऊन त्याला थोपटून येतात आणि सांगतात, घाई नाही.

ताई