गोठ्यातला दिवा

प्रिय मिरॉन,

तू पाठवलेला वृद्धाश्रमाचा कागद मिळाला. आईचं डोकं फिरलंय, गोठ्यात बसून मेलेल्या नवऱ्याशी गप्पा मारते, ताई, तू तेवढी सही कर, असं तू फोनवर किती सहज म्हणालास रे! कॅलगरीत बसून निदान करायला तू काय डॉक्टर आहेस? मी म्हटलं, सही करण्याआधी आपण डोळ्यांनी बघावं. काल, रविवारी, गाडी काढली. बाहेर उणे तीस, आणि आपली आई बाबांचा जुना कोट चढवून, चहाची किटली घेऊन गोठ्यात. मला बघून म्हणाली, "आलीस? दार लाव आधी. तो आलाय."

बाबा ज्या बाकावर कामं करायचे, जिथे ते गेले, तिथला दिवा मिणमिणत होता. बटण बंद होतं, मिरॉन. मी दोनदा खालीवर करून पाहिलं. बंद केलं तरी काजव्याएवढा उजेड उरायचाच. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण इतकी वर्षं खाणीत वायरमनकी केलीय, ती काय भुताला घाबरायला? गाडीतून मीटर आणला. तारेवर अडतीस व्होल्ट दाखवले, आणि मला हसूच फुटलं.

तुला शाळेत विजेचं कधी डोक्यात शिरलं नाही, म्हणून सोपं करून सांगते. व्होल्ट म्हणजे टाकीतल्या पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे नळातून पडणारी धार. नुसता दाब दिसला म्हणून धार असेलच असं नाही. आपल्या बाबांनी पाइप वाचवायला दिव्याची तार आणि घोडीचं पाणी गोठू नये म्हणून लावलेल्या हीटरची तार एकाच पाइपातून घातली होती. शेजारची तार चालू असली की बंद तारेलाही थोडा दाब चढतो. आमच्याकडची नवी पोरं हमखास फसतात यात. मीटर स्वतः वीज जवळजवळ ओढतच नाही, म्हणून त्याला तो पोकळ दाबही खरा वाटतो. मी तिथे जुना तारेचा बल्ब जोडला, त्याने वीज ओढताच आकडा धाडकन शून्यावर. पण हे नवे एलईडी इतक्या चिमूटभर विजेवरही मिणमिणतात. म्हणजे आईला दिसत होतं ते खरंच होतं, वेडबिड काही नाही, बाबांचा चिक्कूपणा!

मी हे सगळं आईला समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, मला चहा ओतून दिला आणि म्हणाली, "हुशार आहेस हो. मग बंद करून दाखव."

म्हटलं, दाखवते. अंगणातल्या खांबावरचा मुख्य स्विच खाली ओढला, गोठ्याचा सगळा पुरवठा तोडला. खाणीत करतो तसं त्यावर माझं नाव लिहिलेलं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, आमच्यात हा नियम म्हणजे देवाची आण. मग घरातल्या चालू सॉकेटवर मीटर तपासला, बरोबर. गोठ्यातल्या दोन्ही तारा तपासल्या, शून्य. परत घरात जाऊन मीटर तपासला, बरोबर. मीटर बिघडला नव्हता, मिरॉन, हे नीट लक्षात ठेव. एलईडी परत लावला. मिट्ट काळोख. जिंकल्यासारखं वाटलं मला, आणि लगेच आईची दयाही आली.

तेवढ्यात अंधारातून आई म्हणाली, "थांब जरा. त्याला बूट काढायला वेळ लागतो."

आणि दिवा लागला. तेवढाच, मिणमिणता. मी परत मीटर लावला. शून्य. कुलूप बघायला पळत बाहेर गेले, ते जागच्या जागी होतं आणि किल्ली माझ्या खिशात. परत आले तर आई उजेडाकडे तोंड करून घोडीच्या दुखऱ्या पायाबद्दल सांगत होती, रोजच्यासारखी, आणि मध्येच गप्प राहून ऐकत होती. मी पळून गेले नाही. तिच्या शेजारी बसून राहिले. भीती वाटत होती आणि उठावंसंही वाटत नव्हतं, याला काय म्हणायचं ते तूच सांग.

सही न करता कागद परत पाठवतेय, एवढं कळवायला हे पत्र. आईला तिथून हलवायचं नाही. ती म्हातारी झालीय, एकटी आहे, पण तिचं डोकं तुझ्यामाझ्याहून ठिकाणावर आहे. मी खाणीची नोकरी सोडून तिच्याकडे राहायला चाललेय. तरीही तुला हट्टच करायचा असेल, तर कागदावर आईच्या नावाखाली माझंही नाव घाल आणि आश्रमवाल्यांना दोन खाटा सांग. कारण काल त्या उजेडातून बाबांनी माझी चौकशी केली, आणि ती मी माझ्या कानांनी ऐकली.

तुझीच ताई,
डारका