पिठाची पिशवी मात्र शार्प आली

४ फेब्रुवारी
ताईला मुलगी झाली. मी मामा झालो आणि त्याच मुहूर्तावर माझा व्यवसायही सुरू झाला. घरी जाऊन कुटुंबांचे आणि तान्ह्या बाळांचे फोटो काढायचे. व्हिजिटिंग कार्डं छापून झाली आहेत. आता फक्त कॅमेरा घ्यायचा.

ताईने एका फोटोग्राफर बाईंना सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, घरात मामा असताना बाहेरचं माणूस कशाला? तिने त्यांना नको म्हणून कळवलं. तिला एकच फोटो हवाय. पलंगावर ती आणि भावोजी, मध्ये बाळ, पोटात असल्यासारखं मुटकुळं करून झोपलेलं. बाळं अशी पहिले दोन आठवडेच झोपतात म्हणे. दोन आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी.

६ फेब्रुवारी
दिवसभर व्हिडिओ बघितले. एक म्हणतो कॅमेरा महत्त्वाचा. दुसरा म्हणतो कॅमेऱ्यात काय आहे, सगळा खेळ लेन्सचा. तिसरा म्हणतो उजेड. बायको म्हणते मोबाइल. तिला बॅकग्राउंड ब्लर समजावून सांगत होतो, तेवढ्यात ती कुकर लावायला उठून गेली.

८ फेब्रुवारी
कॅमेरा आला! लेन्स पंच्याऐंशी एमएमची, लांबची घेतली. चेहरे हिच्यावरच खुलतात, मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. सराव म्हणून पिठाची पिशवी दुपट्यात गुंडाळून सोफ्यावर निजवली. अप्रतिम! दुपट्याचा धागा न् धागा दिसतोय. बायकोने पोळ्यांसाठी पीठ मागितलं. दिलं नाही.

१० फेब्रुवारी
ताईकडे गेलो. बाळ अगदी हवं तसं झोपलेलं. लेन्समधून बघितलं तर बाळ आणि ताईचं कोपर. मागे सरकलो. बाळ, कोपर आणि भावोजींचा गुडघा. मागे आरशाचं कपाट आडवं आलं, ते भावोजींच्या मदतीने पलंगामागे सरकवलं. तरी भावोजींचा कान कापला जात होता. मग दाराबाहेर. मग थेट जिन्यात. तिथून तिघंही फ्रेममध्ये बसले, तर नेमक्या शेजारच्या काकू बाळाला बघायला आल्या आणि मधोमध दारातच उभ्या राहिल्या, मोबाइल धरून. हात हलवून हलवून माझा खांदा दुखला, पण त्या ढिम्म. तोवर बाळ उठलं. लोकांना कामाचं गांभीर्य नाही.

लेन्स उत्तम आहे. ताईची खोली चुकली.

१३ फेब्रुवारी
लेन्स बदलून वाइड आणली. आता सगळे मावले. पंखा मावला, माझे बूटसुद्धा मावले. बाळाचं डोकं मात्र भोपळ्याएवढं आलं आणि कडेचे भावोजी दुप्पट रुंद झाले. ताईने स्क्रीन बघितली आणि रडायलाच लागली. माझ्या लेकीचं काय केलंस, म्हणाली. भावोजी पोट आत घेऊन निघून गेले. बाळंतिणीचं मन हळवं असतं, मी मनाला लावून घेतलं नाही.

मला ही लेन्स घ्यायचीच नव्हती. दुकानदाराने गळ्यात मारली.

१५ फेब्रुवारी
आज पस्तीसची लेन्स. ना लांब, ना रुंद. तिघं फ्रेममध्ये, बाळ झोपलेलं, बटण दाबलं. खटॅक! बाळ दचकून उठलं. पुन्हा झोपवायला ताईला तासभर लागला. मग सायलेंट मोड. आवाज शून्य, पण ट्यूबलाइटमुळे फोटोभर काळे पट्टे. घोंगडी पांघरून झोपल्यासारखे दिसतात तिघंही. म्हणजे तो तिसरा व्हिडिओवाला बरोबर होता. प्रश्न उजेडाचाच! सॉफ्टबॉक्स मागवला, मऊ उजेड देणारा दिवा. अठराला येतोय. वेळेच्या आत.

१८ फेब्रुवारी
सॉफ्टबॉक्स उघडला तर तो छत्रीचाही बाप निघाला. तो आत ठेवायचा तर भावोजींना बाहेर उभं करावं लागत होतं. शेवटी त्याला खिडकीतून अर्धा बाहेर काढला. सगळं जमलं. बाळ झोपलं. ताईने श्वाससुद्धा रोखून धरला. बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं की मेमरी कार्ड भरलंय.

पिशवीच्या फोटोंनी भरलं होतं. चारदोन पुसायला बसलो, पण कुठले पुसणार? एकापेक्षा एक सरस. निवड करेपर्यंत बाळाने डोळे उघडले, आळस दिला आणि हातपाय लांब ताणले. पुन्हा काही मुटकुळं केलं नाही. ताईने उलट मलाच पाणी विचारलं. समजूतदार गिऱ्हाईक.

२५ फेब्रुवारी
परत गेलो. भाची आता हात डोक्यावर टाकून, पाय फाकून झोपते, थेट भावोजींसारखी. मी तिला जरा दुमडायला गेलो, तर ताईने माझा हात धरला. राहू दे आता, म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन जेवलो नाही. फार वाईट वाटतंय.

पण चूक माझी नाही. बाळंच फार घाई करतात.

२ मार्च
ताईकडे जेवायला बोलावलं होतं. पलंगावरच्या भिंतीवर फोटो. मोठा, फ्रेम केलेला. ताई, भावोजी आणि मध्ये मुटकुळं केलेलं बाळ. तिघांवर दारातून आलेला मऊ उजेड. माझ्या तोंडून आपोआप वा निघून गेलं. कोणी काढला विचारलं. शेजारच्या काकूंनी, त्या दिवशी दारातून. मोबाइलवर.

म्हणजे फोटो दहा तारखेपासून ताईकडे होता. एवढे दिवस लावला का नाही, विचारलं. ताई वरण वाढण्यात गुंतली. भावोजी म्हणाले, तुला वाईट वाटेल म्हणून.

मग ताईने जवळ बोलावून दाखवलं, तूही आहेस बघ. पलंगामागे सरकवलेल्या कपाटाच्या आरशात, जिन्यात एक माणूस. गळ्यात कॅमेरा, दोन्ही हात वर करून बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणतोय. पार धूसर. लोण्यासारखा वितळलेला.

घरी आलो. बायकोने पीठ मागितलं. पिशवीवरचं दुपटं सोडलं आणि पीठ दिलं.