चाक जड फिरतंय

तात्या, काल सुनेच्या मोटारसायकलला पुढचे नवे ब्रेक पॅड बसवले आणि चाक जड फिरायला लागलं. दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. मुलगा सोमेश्वरनगरला कारखान्यावर आहे, हंगाम संपेपर्यंत तिकडंच राहतो. त्याची गाडी आता सून वापरते. बारामतीला दवाखान्यात नर्स आहे ती. सणसरहून रोज जाते, कालव्याच्या पुलावरून. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, सांडलेलं उसाचं वाडं, चिखल. ब्रेक लागला नाही तर, याचं भ्या सगळ्यांनाच असतं. लागलेला ब्रेक सुटला नाही तर, याचं भ्या मला एकट्याला आहे. का, ते तुम्हाला सांगायला नको.

पुढचं चाक विटांवर उचलून हातानं फिरवलं. नवे पॅड थोडे घासतात, दोनतीन फेऱ्या होऊन चाक थांबतं, तेवढं चालतं. हे अर्ध्या फेरीतच थांबलं. सून डबा घेऊन उंबऱ्यात उभी. "मामा, ड्युटी हाय माजी. गाडी हुतीया का सांगा, न्हायतर मी आपली एस्टीनं जाते." म्हणालो, "थांब, एक चक्कर मारून बघतो." तर म्हणते, "तुमच्या चकरंला सकाळची दुपार हुती." तरी गेलो, सोसायटीच्या गोदामापर्यंत. गाडी पळेना. मागं कुणीतरी भरदार माणूस बसल्यागत ओढत होती. मी आरशात बघितलं. खरंच बघितलं, तात्या. मग थांबून चाकाच्या चकतीवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर थेंब चर्र करून उडाले.

तुमचं भवानीनगरचं पत्र्याचं गॅरेज तिथंच डोळ्यांपुढं आलं. त्या वर्षीचा हंगाम तोंडावर आलाय. आपल्याकडं हंगामाआधी सगळं काठोकाठ भरून ठेवायची सवय, डिझेल काय आणि इंजिनातलं ऑइल काय. त्याच सवयीनं मी एका जीपची ब्रेक ऑइलची डबी तोंडापर्यंत भरतोय. तुम्ही मागून टाळक्यात टपली मारता. "डबी भरली म्हंजी काम झालं व्हय रं? त्याल तापलं की फुगणार. मग त्यानं जायाचं कुठं, तुज्या सासरवाडीला?" आणि फडक्यानं वरचं तेल टिपून खुणेवर आणता. तुमच्या शेवटच्या दिवशीची जीप मात्र आपल्या हातची नव्हती. दुसरीकडं ब्रेकचं काम करून आणलेली, एका चाकाचा ब्रेक सुटत नव्हता. चालवल्याबिगर कळायचं नाही म्हणालात. मी पुढं झालो तर मला गॅरेजवरच थांबवलंत. "तू चा ठिव, आलोच." पुलावर जीप एका बाजूला ओढली आणि कालव्यात गेली. इकडं चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला, मी रस्त्याकडंच बघत होतो. अजूनही चहा ठेवला की मी बाहेर येऊन उभा राहतो. सून म्हणते, मामांना आधण बघवत न्हाय.

काल घरी येऊन डबीचं झाकण खोललं. तेल काठोकाठ. दिवाळीआधी मीच भरलेलं. पॅड झिजले की डबीतलं तेल आपोआप खाली जातं, मला वाटलं कमी झालं. आता जाड पॅडसाठी पिस्टन मागं ढकलला, तसं तेल वर आलं आणि त्याला जागाच उरली नाही. तुमची टपली खाऊनही हात जुन्या वळणानंच जातो. जादा तेल काढलं. पॅड धरणारा कॅलिपर खोलून पिस्टनवरचा वाळका चिखल पुसला, सरकत्या पिनांना ग्रीस लावलं. चाक फिरवून कान लावला, नुसतं हलकं घासत होतं. पुन्हा गोदामापर्यंत जाऊन आलो. चकती जेमतेम कोमट. गाडी हलकी पळाली, मागं कुणी नव्हतं. बरं वाटायला हवं होतं.

सुनेला म्हणालो, आजचा दिवस ब्रेक जपून दाब. तिनं चावी घेतली. "मामा, ह्ये शिकला कुठं तुमी?"

"आसंच. बघून बघून."

"बघून म्हंजी, कुणाचं तरी बघितलं आसंलच की."

मी हात पुसत राहिलो. ती गेली. फाटकातच उभा होतो तोवर तिचा फोन आला. "पोचले. चाक गार हाय, हात लावून बघितला. आता जेवा."

तुमच्याबद्दल मी तिला काही सांगितलं नाही, तात्या. इतकी वर्षं घरात कुणालाच सांगितलेलं नाही. हा कागदही तिच्या हाती लागायच्या आत चुलीत घालीन. तुम्ही शिकवलं म्हणालो असतो, तर तिनं विचारलं असतं, ते आता कुठं असतात. आणि तिला रोज त्याच पुलावरून जायचंय.