येनावरची पांढरी पावडर

आरमोरी,
ता. १२ ऑक्टोबर १९५६

लाडक्या रंभेले,
मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. इथी समदे बरे आहेत. धान निसवून राह्यला. म्हैस व्याली, वगार झाली.

तुझं पत्र पोचलं. त्यात पुन्हा तेच! भाऊजींच्या पांढऱ्या पावडरीनं घरात ढेकूण नाई, अन्नपूर्णेच्या डोक्यात ऊ नाई. वाचून जीव जळला माझा. खोटं काऊन बोलू? तुझं लग्न झालं तवापासून जळून राह्यली मी. तुझा नवरा मलेरियाच्या फवारणीवर, सरकारी नोकर. तुले अन्नपूर्णेसारखी लेक. मले काय? येनाच्या झाडावर पोसलेल्या, रेशमाच्या कोशाच्या अळ्या. त्याच माझी लेकरं.

आषाढात तू आली अन् वासाचं तेल लावून येनाखाली गेली. अळ्या झाडावर असल्या की आपल्या ढिवरांत मासोळी शिजत नाई, डोक्याले तेल लागत नाई. सासरी वरोऱ्याले जाऊन विसरली तू! चार दिवसांत अळ्या पटापटा गळल्या. सासू म्हणे, "तुह्या बहिणीनं बाट केला, झाडं विटाळली. तिले आता इथी पाय ठेवू देऊ नको." मी मान हलवली. मनातून गोड वाटलं वं मले. एकदा तरी लोक तुले नावं ठेवत होते.

पण तेलानं नाई मेल्या त्या. उन्हाळ्यात तुझ्या घरून त्याच पावडरीचा डबा मी पदराखाली लपवून आणला होता. मागतला असता तं तू दिला असता, अन् गावभर सांगतलं असतं. मुंग्या अळ्या खातात म्हणून अळ्या सोडाच्या आधी सात झाडांच्या बुंध्याले, फांद्यांले मी ती पावडर चोळली. मुंग्या मेल्या, मागून अळ्याही मेल्या.

भादव्यात पुन्हा अळ्या सोडल्या. पावडर नाई, तू नाई, नेम कडक. मधात दोन महिने धो धो पाऊस पडला. तरी त्याच सात झाडांवरच्या मेल्या, बाकीच्या ठणठणीत. पाण्यानं धुतली नाई गेली ती, रंभे.

अन् तू ती लेकीच्या केसांत चोळते, गोधडीत टाकते! भाऊजी म्हणतात माणसाले काही होत नाई. नसेलही होत. मी काही डॉक्टरीण नाई. पण मले भेव वाटते.

हे पत्र तीनदा फाडलं. पावडरीचं सांगाचं तं चोरीचंही सांगा लागते. आज सासूले समदं सांगतलं. तिनं बोलणं टाकलं.

तुझी लेक दिसली की मी उद्याही जळीन, तो माझा सोभावच आहे. पण जळाले ती डोळ्यापुढं धडधाकट पाहिजे. पत्र पोचल्याबरोबर तिचं डोस्कं धू, गोधडी बदल. मंग पाहिजे तं जन्मभर माझं तोंड पाहू नको.

तुझ्यावर जळणारी, तुझीच
गुणा