भोपळ्याला पहिली सुरी

१२ ऑक्टोबर २००२, शनिवार

म्हणे ऑटम! इथे आखातात, महबूल्यात! गाडीच्या दाराला हात लावला तर अजून तळवा भाजतो, आणि विशाखाच्या शाळेत पानगळ सुरू झाली आहे. नारिंगी कागदाची पानं कापून हॉलभर चिकटवलीत. विचारलं, "हे कुठल्या झाडाचं पान गं?" तर म्हणते, "पापा, इट्स जस्ट ऑटम." चंपा आणि ही, मायलेकी गावाहून इथे येऊन तीन वर्षं झाली. आईशी मराठी, माझ्याशी इंग्रजी! मी काय साहेब लागून गेलो?

तेवीस तारखेला शाळेत ऑटम डे. प्रत्येकाने लाल भोपळा कोरून न्यायचा – डोळे, नाक, दात. शिवाय भोपळ्याचाच काहीतरी खाऊ. "आणि आतला गर?" मी विचारलं. "टीचर सेड थ्रो इट." टाकायचा! घारग्यांचा गर कचऱ्यात! खाऊ मग कशाचा करतात, पुठ्ठ्याचा?

भोपळा मात्र मीच कोरणार. सुतार कुणाला म्हणतात ते कळू दे त्या टीचरला.

१३ ऑक्टोबर

चंपाने जमियातून, इथल्या सहकारी भांडारातून, भोपळा आणला. चांगला दणकट. ओट्यावर ठेवून म्हणाली, "एक सुरी मारून जा. पुढचं मी बघते." आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने कापायचा नाही. पहिली सुरी घरातल्या पुरुषाची. माझ्या आईने हे कधी मोडलं नाही.

मी बूट घालत होतो. "संध्याकाळी," म्हटलं.

१५ ऑक्टोबर, दसरा

वर्कशॉपमध्ये रंधे, करवती, ड्रिल ओळीने मांडून पूजा केली. अब्बासने – माझा पॉलिशवाला, मूळ हर्णैचा – फुलं आणली आणि पेढ्यालाही पहिला हात त्याचाच! एका खोलीत आठ जण राहायचो तेव्हापासूनचा सोबती, त्याला कोण बोलणार?

घरी आलो तर चंपा म्हणते, "आज दिवस चांगला आहे. कापा." म्हटलं, आज हत्यार उचलायचं नसतं. "उद्या तरी उचलायचं असतं ना?"

हल्ली फार बोलायला लागली आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टीचा वार, आणि रुमैथियाला राहणाऱ्या एका गिऱ्हाईक मॅडमला आजच किचन बघायचं होतं! कपाटांना दारं बसवली तर रंग पसंत नाही. रंग तिनेच निवडलेला! "बुकरा," म्हणाली. म्हणजे उद्या. इथला उद्या कधी उजाडतो ते मला विचारा.

भोपळा तसाच.

२१ ऑक्टोबर

अब्बास सगळ्यांसमोर म्हणतो, "शेट, आज तरी घरा जावा. वैनींचा फोन होता – भोपल्याचा काय जाला?" सगळं वर्कशॉप हसलं. स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं वर्कशॉप माझं, आणि तिथे चर्चा काय, तर माझ्या घरच्या भोपळ्याची!

तरी निघतच होतो. तेवढ्यात मॅडमचा फोन.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

संतापाने अक्षर धड येत नाही.

बारीक पटाश्यांना धार लावून, फडक्यात गुंडाळून घरी आलो. जिन्यातच वरच्या मजल्यावरून आवाज – उदय, पुण्याचा, मीना अल-अहमदीला रिफायनरीत इंजिनिअर आहे – बायकोला सांगत होता, "भोपळा काय सफाईने कापलाय!" तोंडात काहीतरी होतं त्याच्या, शब्द भरलेले येत होते. माझे कान तिखट आहेत.

दार उघडलं तर गुळाचा आणि तळणीचा वास. टेबलावर भोपळा – कोरलेला! झाकण तिरकं कापलंय, आत पडू नये म्हणून. दात एकसारखे. सुरी कुठे अडखळलेली नाही.

म्हणजे हा उदय! माझ्या घरात पहिली सुरी परक्या माणसाची! मी मेलो होतो का? चंपाला विचारलं, "शेजारच्यांना हाक मारायची वेळ आली का गं?" तिने कढईतला घारगा उलटला. म्हणाली, "हातपाय धुवा. जेवून घ्या."

मी जेवलो नाही. घारगे तेवढे खाल्ले. गरम होते.

२३ ऑक्टोबर

सकाळी लिफ्टमध्ये उदय. "काय शत्रुघ्नराव! वहिनींचा हात म्हणजे –" मी मजल्यांचे आकडे बघत राहिलो. तोंड वर करून बोलतो!

विशाखाला शाळेत सोडायला निघालो. भोपळा तिच्या मांडीवर. सहज विचारल्यासारखं विचारलं, "उदयकाकांनी कुठल्या सुरीने कापला गं?"

ती चक्क मराठीत म्हणाली, "उदयकाका? ते फक्त खायला आले होते. आईने कापला. गावाला पण आईच कापायची."

सिग्नल हिरवा झाला तरी मी तिथेच. मागून हॉर्नवर हॉर्न.

गावाला पण! बाईने! शेजारच्या दारात माझा सख्खा भाऊ असताना! मी इथे उन्हात रंधा ओढत होतो आणि तिकडे घरची रीत अशी मोडली जात होती – आणि मला कुणी पत्राने कळवू नये?

भोपळ्याला बक्षीस नाही. घारग्यांचा डबा मात्र चाटूनपुसून परत आला. टीचरने रेसिपी मागितली आहे. मागू दे!

२४ ऑक्टोबर

विचारलं. आवाज चढवूनच विचारलं.

चंपा म्हणाली, "तुम्ही इकडे आलात त्या पहिल्या वर्षी भावोजींना निरोपावर निरोप धाडले. आले नाहीत. वाट बघण्यात भोपळा कुजला. पुढच्या वर्षी सुरी मीच घेतली. तुमचं नाव घेतलं, मोठ्याने – शत्रुघ्न – आणि कापला. म्हटलं, नाव घेतलं म्हणजे तुम्ही घरात आहात."

"आणि परवा?"

"परवाही नाव घेतलं."